जुने जर्मन रहस्यपट कोणी कोणी पाहिलेत? (अनुभव धागा)

रातकिडा
लेकीने काल हँबुर्गहून फोटो पाठवला. लाल विटांची जुनी गोदामं, मधून कालवा, वर धुकं. म्हटलं, ही तर आपली थेम्स! १९६२ चा 'दास गास्टहाउस आन डेर थेम्झे' बघितलेल्यांना कळेल. लंडन म्हणून हँबुर्गच दाखवलंय त्यात.

कॉलेजात जर्मन शिकताना मॅक्सम्युलर भवनात हे एडगर वॉलेसवाले सिनेमे पाहिले. लेखक इंग्रज, साहेब स्कॉटलंड यार्डचे, आणि सगळे फाडफाड जर्मन बोलतायत. १९५९ मध्ये बेडकाचा मुखवटा घालणाऱ्या म्होरक्याचा 'डेर फ्रॉश मिट डेर मास्के' चालला, मग रियाल्टो कंपनीने १९७२ पर्यंत रतीबच घातला. पुढे पुढे तर सुरुवातीला गोळ्यांचा आवाज आणि "हालो, हिअर श्प्रिश्ट एडगर वॉलेस!" (हॅलो, एडगर वॉलेस बोलतोय!) बोलणारा माणूस १९३२ सालीच वारलेला!

मला ते खोटं लंडनच आवडतं. युद्ध हरलेल्या लोकांना खून परक्या गावात झालेला बरा वाटत असणार, असं आपलं माझं मत. तुमच्या आठवणी येऊ द्या.

म्युनिकची सून
सासऱ्यांचा जीव की प्राण!! त्यातला नट क्लाउस किन्स्की दिसला की घरातले सगळे "हाच खुनी, हाच" ओरडतात आणि सासरे शांतपणे "थांबा जरा". कुकर लावलाय, नंतर येते.

जुनाखोड
वॉलेस ठीक आहे हो, पण 'एम' बघा. १९३१. खुनी शिट्टीवर ग्रीगची धून वाजवतो आणि आंधळा फुगेवाला त्यावरून त्याला ओळखतो. पीटर लोरेला शिट्टी येत नव्हती म्हणे, ती दिग्दर्शक फ्रित्स लांगने स्वतः वाजवली. पोलिसांच्या धाडींनी धंदा बसतो म्हणून शहरातले चोरच खुन्याला धरतात, ही कल्पनाच केवढी भारी! मी ती धून वाजवली की आमची ही दुसऱ्या खोलीत निघून जाते.

सुपारीफोड
@जुनाखोड वहिनींना माझा पाठिंबा 😄

टीव्हीवेडी
दूरदर्शनवरचा 'द ओल्ड फॉक्स' आठवतोय का कुणाला? इंग्रजीत डब केलेला, ओठ एकीकडे आवाज एकीकडे. त्यातला म्हातारा इन्स्पेक्टर म्हणजे झिगफ्रीड लोवित्स. वर लिहिलेल्या बेडकाच्या सिनेमात तोच इन्स्पेक्टर एल्क आहे! पुढे शंभराव्या भागात त्याला मारला. मला काहीच कळायचं नाही, तरी बाबांच्या मांडीवर बसून बघायचे.

सुपारीफोड
खुनी कोण ते आधीच सांगणाऱ्यांवरून आठवलं. जानेवारी १९६२ मध्ये तिकडे 'दास हाल्सटूख' मालिका लागायची, त्या वेळी रस्ते ओस. वोल्फगांग नॉइस नावाच्या विनोदी नटाने शेवटच्या भागाआधी पेपरात जाहिरात देऊन खुन्याचं नाव फोडलं. लोक इतके भडकले की त्याला देशद्रोही ठरवलं. म्हणून मी ते नाव इथे लिहीत नाही.

कोकणी माणूस
हँबुर्गला थंडी कितपत असते? भाचा ऑक्टोबरात जातोय.

रातकिडा
@कोकणी माणूस थंडीपेक्षा वारा आणि पाऊस. जाड जाकीट तिकडेच घ्यायला सांगा.

पिवळं पुस्तक
झुंजार, काळा पहाड वाचून वाढलेल्यांना हे सिनेमे परके वाटणारच नाहीत. मुखवटे, चोरदरवाजे, मृत्युपत्रं, वारसदार मुलगी संकटात. तर्क शोधायचा नाही. फक्त १९६६ मध्ये वॉलेसपट रंगीत झाले आणि मजा गेली. काळोख काळाच हवा.

म्युनिकची सून
आले परत. @पिवळं पुस्तक असहमत! रंगीतमधलं पेटर थॉमसचं संगीत ऐका, किंकाळ्या काय, पाँ पाँ काय. सासरे गाडीत लावतात.

जुनाखोड
फ्रित्स लांगच्या सिनेमातला खलनायक डॉ. माबुझ राहिलाच की. वेड्यांच्या इस्पितळात बसून गुन्ह्यांचे आराखडे लिहिणारा. १९३३ मध्ये नाझींनी त्या सिनेमावर बंदी घातली. यावर वेगळा धागा हवा.

टीव्हीवेडी
काढा ना, तुम्हीच काढा.

गोडलिंबू
यातलं काहीच पाहिलं नाहीये 🙈 सुरुवात कुठून करू? शेजारी आठ वर्षांचा मुलगा बसणार.

रातकिडा
@गोडलिंबू मुलगा झोपल्यावर १९६१ चा 'डी टोटेन आउगेन फॉन लोंडोन'. धुक्यात श्रीमंत म्हातारे बुडवले जातात. दिग्दर्शक आल्फ्रेड फोररचा उजवा हात युद्धात गेलेला, तरी असले प्रसंग काय घेतलेत! मुलगा जागाच राहिला तर १९६४ चा 'डेर हेक्सर'. त्यात एडी आरेंट आहे, हसून हसून झोपेल.