मदत हवी आहे: इंदूरच्या ट्रॅफिकसाठी हायब्रिड घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
आमची चौदा वर्षांची पेट्रोल गाडी आता निवृत्त करायची आहे. रोजचं चालणं राऊ ते पलासिया, येऊन-जाऊन पंचवीसेक किलोमीटर, त्यातला अर्धा वेळ सिग्नलला. इलेक्ट्रिकच घेतली असती, पण सोसायटीत चार्जिंग पॉइंट लावू देत नाहीत. तीन मीटिंगा झाल्या, चहा प्यायलो, विषय संपला.

म्हणून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी. त्यात माइल्ड हायब्रिड नको, ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही; स्ट्राँग हायब्रिड थोडं अंतर तशी चालते. मग माझ्या यादीत उरतात मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडा सिटी. पहिल्या दोघींची स्ट्राँग हायब्रिड यंत्रणा एकच, 1.5 लिटर, तीन सिलिंडर. कागदावर लिटरला 27.97 किलोमीटर. होंडा सिटीमध्ये कमी वेगात इंजिन बहुतांशी वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते. शहरात मला हेच पटतं.

घोडं अडलंय डिकीपाशी. बॅटरी मागे असल्यामुळे विटाराची डिकी 373 लिटरवरून 265 वर येते, सिटीची 506 वरून 306 वर. सासूबाईंची घडीची व्हीलचेअर आणि दोन बॅगा, एवढं तरी बसायला हवं ना! शोरूममध्ये व्हीलचेअर घेऊन जाणार आहे, हसू देत हसले तर.

वापरणाऱ्यांनी सांगा: मे महिन्यात एसी लावून गावात खरं ॲव्हरेज किती पडतं? धुळ्याला माहेरी जाताना सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात, भरल्या गाडीत तीन सिलिंडरचं इंजिन फार ओरडतं का? आणि महिन्याला जेमतेम 800 किलोमीटर चालवून हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे कधी वसूल होतात?