शब्दचर्चा: संग्रहालयातल्या न मांडलेल्या वस्तूंची जागा – गोदाम, कोठार की भांडार?

विचारणा (धुळे): संग्रहालयात मांडणीबाहेरच्या वस्तू ज्या खोलीत ठेवतात, तिला मराठीत काय म्हणावं? दारावर पाटी लावायची आहे. ‘गोदाम’ मनाला पटत नाही.

– भाऊ, न पटणं रास्त आहे. आपल्याकडे गोदाम म्हटलं की कपाशीच्या गाठी, वखार म्हटलं की सागाची लाकडं डोळ्यांपुढे येतात. तिथला माल बाहेर जाण्यासाठीच आत येतो. संग्रहातली वस्तू अभ्यासाला बाहेर काढली तरी त्याच फळीवर परत यायला हवी. ‘कोठार’ कोष्ठागारापासून आलं, ‘भांडार’ भांडागारापासून. कोठारात धान्य, भांडारात मोलाचं जिन्नस. ग्रंथभांडार रूढ आहेच, तसं ‘संग्रहभांडार’ म्हणा.

– ताई, भांडाराला कचेरीत वेगळा अर्थ चिकटलाय. भांडारपाल कागद, शाई असा संपणारा माल वाटतो. टिकाऊ माल जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) जातो. संग्रहातली मूर्ती त्या वहीत चढली, तर मोडक्या खुर्च्यांसोबत तिचंही ‘निर्लेखन’ (निकामी ठरवून वहीतून कमी करणं) होऊ शकतं! म्हणून संग्रहात आलेल्या वस्तूंसाठी ‘दाखल नोंदवही’ हा स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र वही, दोन्ही हवीत.

– दाखल क्रमांकाचं, म्हणजे त्या वहीतल्या वस्तूच्या क्रमांकाचं, थोडं सविस्तर. तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावाने ओळखली जाणारी प्राचीन रंगीत खापरं घ्या. क्रमांक आतल्या बाजूला घालावा, चित्रावर नाही. तुटक्या कडेवर तर मुळीच नको, जोडताना तीच कड लागते. आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉईड बी-72 या पारदर्शक कृत्रिम राळेचा पातळ थर, वाळल्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. पुढे पुसायचा झाला तर अ‍ॅसिटोनने निघतो. पोथीवर मात्र शाई नको, मऊ पेन्सिलच.

खानदेशात मोठा धोका हवेच्या उलटापालटीचा आहे. मेमध्ये कोरडी हवा, जुलैत ओल. खापरातले क्षार ओलीत विरघळतात, कोरड्यात पुन्हा स्फटिक होतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात, चित्रासकट. म्हणून उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून मांडण्या नकोत, आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर हवी, म्हणजे फरशीवरचं पाणीही लागत नाही आणि वाळवीही लगेच दिसते. पोथ्या सुती बासनात, सैल बांधलेल्या. घट्ट गाठ कडा दुमडते.

– ‘राखीव संग्रह’ कुणी सुचवलं नाही?

– तो वस्तूंचा समूह झाला, खोली नव्हे. शिवाय त्यातून ‘मांडण्याजोगं नाही ते’ असा भास होतो. खानदेशातल्या उत्खननांतलं कितीतरी खापर मांडणीत कधीच बसणार नाही, पण कालक्रम ठरतो तो त्याच्यावरूनच.

विचारणाऱ्याकडून: मग पाटीवर ‘संग्रहभांडार’, वहीवर ‘दाखल नोंदवही’. आणि वस्तू बाहेर काढली की रिकाम्या जागी ठेवायच्या चिठ्ठीला?

– ‘जागाचिठ्ठी’. तिच्यावर दाखल क्रमांक, तारीख, नेणाऱ्याचं नाव आणि वस्तू कुठे नेली ते.