'रोज एक गंमत' म्हणून पत्री सरकार?

कराडकर काका: 'रोज एक गंमत' पानावरची कालची पोस्ट वाचली आणि हातातला चहा गार झाला. "1943 मध्ये सांगली जिल्ह्यात गुन्हेगारांच्या पायाला पत्रे ठोकत, म्हणून पत्री सरकार." अहो, नाना पाटलांनी इंग्रजांना समांतर चालवलेलं ते प्रतिसरकार. एका वाक्यात दोन चुका. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, जिल्हा सातारा. दक्षिण सातारा निघाला 1949 ला, त्याचं सांगली झालं 1960 ला. आणि 'प्रति'चं बोलीत 'पत्री' झालं. तळपायावर काठ्या बसायच्या, त्याचे लोकांनी पत्रे केले. गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, बिनखर्चाची गांधी लग्नं, यातलं एक अक्षर नाही. फक्त पत्रे.

रोज एक गंमत: काका, दोन ओळींत पीएचडी बसत नाही. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, तालुका वाळवा. वाळवा आज कुठल्या जिल्ह्यात? मग सांगली लिहिलं तर आभाळ कोसळलं का?

सातारी कंदी: झालं यांचं सुरू! 7 जून 1943 ला पगाराची रेल्वे लुटली ती शेणोलीजवळ, म्हणजे कराड तालुका. 9 सप्टेंबर 1942 ला परशुराम घार्गे पोलिसांच्या गोळीबारात पडले ते वडूजला. 1957 ला नानांना लोकसभेत पाठवलं तेही साताऱ्यानं. पेढे नेताच, आता इतिहासपण न्या पिशवीत भरून.

वाळव्याचा वाघ: रेल्वे तुमच्यात लुटली, पण लुटली कुणी? प्रतिसरकारचे कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड. कुंडलची माणसं! तुमचे नुसते रूळ. वडूजच्या दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या, त्या कुणाला दिसत नाहीत. आणि वसंतदादांनी 24 जुलै 1943 ला तुरुंग फोडला तोही साताऱ्यातच का? एवढं करून आमच्या गावच्या हुतात्मा स्मारकात आज मांडवाच्या खुर्च्या रचल्यात. त्यावर बोला की कुणी.

कराडकर काका: अहो, इतिहास सांगायचा कसा, हा प्रश्न होता. बांध कुणाचा हा नव्हता.

नातसून: बांध तुमचे तुम्ही मोजा. माझ्या आजेसासऱ्यांना मारलंय पत्री सरकारच्या लोकांनी, खबऱ्या म्हणून. पत्रे नव्हते, काठ्याच. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही म्हातारे पावलाच्या कडेवर चालायचे. थंडीत चुलीपुढं तळवे शेकत बसायचे, कुणी आलं की धोतर ओढून घ्यायचे. खबर दिली होती का, हे घरात कुणी विचारलं नाही. काका, गांधी लग्नं लिहा म्हणता ना, हेही लिहा.

कराडकर काका: ताई, मग खबऱ्यांना पेढे द्यायचे का? माझे आजोबा सहा महिने घरात झोपले नाहीत. धरून देणारा भावकीतलाच होता.

नातसून: द्या म्हणाले का मी? तुम्ही 'काठ्या बसायच्या' म्हणून पुढं निघून गेलात. तेवढं वाक्य परत वाचा.

कराडकर काका: वाचलं. थांबायला हवं होतं तिथं. पत्रे मात्र चूकच.

रोज एक गंमत: बदलली बाबांनो पोस्ट! 'तेव्हाचा सातारा जिल्हा', 'तळपायावर काठ्या'. 'गंमत' शब्दही काढला. झोपू का आता?

कुंडलचा गडी: थांबा जरा. कुंडल तेव्हा ना तुमच्या सातारा जिल्ह्यात, ना सांगलीत. औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या. तेही घाला.

सातारी कंदी: आणि औंध आज कुठल्या जिल्ह्यात ओ?