इथरनेटची लिंक अप दिसतेय पण १००० एमबीपीएसवर पिंग जात नाही, डीटीएसमध्ये (कर्नलला हार्डवेअर सांगणारी फाइल) फाय-मोड काय टाकू?

डीटीएस_नवखा:
कस्टम लिनक्स बोर्ड आहे, मॅक (पॅकेट पाठवणारा-घेणारा भाग) एसओसीच्या (मुख्य चिप) आत, बाहेर गिगाबिट फाय (केबलला जोडणारी चिप), मध्ये आरजीएमआयआय (दोघांना जोडणाऱ्या तारा). रेफरन्स बोर्डाची डीटीएस उचलून बदल केलेत. फाय-मोड (मॅक-फाय जोडणी कशी ते) "आरजीएमआयआय", फाय-हँडल (कुठला फाय ते) दिलाय, एमडीआयओ (फायची रजिस्टर वाचायची-लिहायची बस) नोडखाली फायचा पत्ता १. बूट झालं की डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) लिंक अप, १००० फुल येतं पण पिंग एकही जात नाही. गंमत म्हणजे इथटूलने (नेटवर्क सेटिंगचं टूल) स्पीड १०० केला की सगळं मस्त चालतं, आणि यू-बूटमधून (कर्नलआधी चालणारा बूटलोडर) तर १००० वर पण टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल उतरवणं) होतं. मॅक ड्रायव्हरमध्ये हात घालावा लागेल का?

रजिस्टर_वाचक:
ड्रायव्हर राहू दे. लिंक अप म्हणजे फायचं केबलच्या पलीकडच्याशी जमलं एवढंच, मॅक ते फायमध्ये काय चाललंय ते त्यातून कळत नाही. १०० ला क्लॉक २५ मेगाहर्ट्झ असतो म्हणून टायमिंग चुकलं तरी खपून जातं, १००० ला १२५ आणि डेटा दोन्ही एजवर (क्लॉक चढताना आणि उतरताना), म्हणजे एका बिटला जेमतेम ४ नॅनोसेकंद, तिथे क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद मागे सरकवावाच लागतो. नुसतं "आरजीएमआयआय" लिहिलंस म्हणजे बोर्डवर क्लॉकच्या ट्रेस (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा) मुद्दाम लांब ठेवल्यात असा अर्थ होतो, आणि असे बोर्ड फार कमी. लेआउटवाल्याला विचार, ट्रेस सारख्याच लांबीच्या असतील तर "आरजीएमआयआय-आयडी" टाक, टीएक्स (पाठवण्याचा) आणि आरएक्स (घेण्याचा) दोन्ही डिले फाय लावेल. यू-बूट बहुतेक स्वतःच फायची रजिस्टर लिहितोय, कर्नलने फाय रिसेट केला की ते गेलं.

एज_ट्रिगर:
त्याच्याआधी इथटूल डॅश कॅपिटल एस मारून काउंटर बघ. तुझ्याकडे सीआरसी एरर (बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर आरएक्सचा डिले, तुझे काउंटर स्वच्छ आणि समोरच्या मशीनवर वाढतायत तर टीएक्सचा. रेफरन्स डीटीएसमध्ये मॅकच्या बाजूला डिले लावलेला असेल तर तो काढ, नाहीतर दोन्हीकडून मिळून ४ नॅनोसेकंद होतील आणि परत मुसळ केरात. आणि हो, डीमेसेजमध्ये फाय ड्रायव्हरचं नाव काय येतं? "जेनेरिक फाय" (कर्नलचा सर्वसाधारण ड्रायव्हर) असेल तर फाय-मोडमध्ये काहीही लिही, तो डिलेला हातच लावत नाही.

डीटीएस_नवखा:
जेनेरिक फायच होता! कर्नल कॉन्फिगमध्ये त्या फायचा ड्रायव्हर चालू केला, फाय-मोड "आरजीएमआयआय-आयडी" टाकलं, १००० वर पिंग सुरू 🙏 पण आता नवीनच. यू-बूटमध्ये नेटवर्क न वापरता थेट बूट केलं की कर्नलला फाय सापडतच नाही. रिसेट-जीपीआयओज (फायची रिसेट पिन कुठली ते) फायच्या नोडमध्ये दिलाय, अ‍ॅक्टिव्ह लो (पिन शून्यावर असताना रिसेट).

रजिस्टर_वाचक:
आधी कोंबडी की आधी अंडं. कर्नल एमडीआयओवरून फायचा आयडी (चिपचा ओळख क्रमांक) वाचायला जातो तेव्हा फाय अजून रिसेटमध्येच असतो, उत्तर देणार कोण, आणि फायच्या नोडमधला रिसेट सुटतो फाय सापडल्यानंतर. यू-बूटने नेटवर्क वापरलं असेल तर त्यानेच रिसेट सोडलेला असतो म्हणून तुला तेव्हा चालतं. दोन मार्ग आहेत, एकतर रिसेट-जीपीआयओज एमडीआयओच्या नोडमध्ये वर ने, सोबत रिसेट-डिले-यूएस आणि रिसेट-पोस्ट-डिले-यूएस दे, आकडे फायच्या डेटाशीटमधून घे. नाहीतर फायच्या नोडमधल्या कंपॅटिबलमध्ये (ओळख सांगणारी ओळ) "इथरनेट-फाय-आयडी" आणि पुढे त्याचा खरा आयडी लिही, मग कर्नल बसवर न विचारता ते मान्य करतो. मला दुसरा बरा वाटतो, पण पुढच्या बॅचला फाय बदलला तर डीटीएस पण बदलावी लागेल.

एज_ट्रिगर:
दुसरा घेतलास तर रिसेट-असर्ट-यूएस आणि रिसेट-डीअसर्ट-यूएस फायच्याच नोडमध्ये टाक, एमडीआयओची नावं तिथे चालत नाहीत.