मदत हवी आहे: शिंपले पाणी गाळतात हे पोरांना दाखवायचंय, पण फरकच दिसत नाही

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या शाळेत पाचवीला शिकवते. नदीतला जिवंत शिंपला एका फटीतून पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक शेवाळ, गाळ कल्ल्यांवर अडवतो आणि निवळ पाणी बाहेर सोडतो. दिवसाला कित्येक लिटर. हे पोरांनी डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं, कारण त्यांच्यासाठी शिंपला म्हणजे वाळूच्या ढिगात सापडणारं टरफल.

पाच-पाच लिटरच्या दोन सारख्या बरण्या घेतल्या. एकीत चार शिंपले. पहिल्यांदा नळाचं पाणी भरून माती कालवली. सगळे घट्ट मिटून बसले. दुसऱ्या दिवशी एक उघडा पडला, हात लावला तरी मिटेना, म्हणजे मेलाच. पाण्यात ब्लिचिंग असतं हे नंतर लक्षात आलं, फार वाईट वाटलं. मग नदीचंच पाणी घेतलं, तळाला चार बोटं वाळू. एकाने जिभेसारखा पाय काढून वाळूत रेघ ओढली, फटीत झालरीसारखी कडाही दिसली! पण माती दुसऱ्या बरणीतही आपोआप खाली बसली.

हवेचा पंप नाही, दुपारी लाइन जाते. शिंपले दोन दिवसांत जिथून आणले तिथेच परत सोडायचे, हे पक्कं.

तर मातीऐवजी काय घालू, गुरांच्या टाक्यातलं हिरवं पाणी की यीस्ट? पाच लिटरला शिंपले किती ठेवू, आणि शाळा सुटायच्या आत फरक दिसेल का?