मुलीला रोलर कोस्टरमध्ये बसवायचंय, लवकर सांगा

राजारामपुरी_आई: शनिवारी पहाटे निघायलोय. पोरगीनं रोलर कोस्टरचा हट्ट धरलाय. सासूबाई म्हणतात नको, हे म्हणतात काही होत नाही. उंची कमी म्हणून गेटवरनं परत पाठवतात का? आणि ती घाबरली तर मधेच थांबवतात का? जाऊन आलेल्यांनीच सांगा.

रंकाळाकाठ: कुठला पार्क? वय, उंची? त्याशिवाय काय सांगणार, ताई?

राजारामपुरी_आई: इमॅजिकाच की, खोपोलीचं. सात वर्षांची. 118 सेमी, काल चौकटीला उभी करून मोजली.

रंकाळाकाठ: मग नायट्रो विसरा. तो उलटंपालटं करतो, पाय लोंबकळत राहतात. घरच्यांनी मिळून बसायचा तो गोल्ड रश एक्स्प्रेस. उंचीचा आकडा पार्कला फोन करून आजच विचारा. गेटवर पट्टीखाली उभं करतात, बोटभर कमी पडली तरी हुज्जत घालू नका. मधे थांबवत नाहीत. असल्या बहुतेक गाड्यांना इंजिनच नसतं. साखळीनं वर ओढायचं, माथ्यावरनं सुटली की उताराच्या जोरावर पळते.

पन्हाळ्याचा_वारा: चढावरचा खट-खट आवाज ऐकून पोरं रडायला लागतात. आधीच सांगून ठेवा, गाडी मागं घसरू नये म्हणून खिट्ट्या अडकतात, त्यांचा आवाज तो. आणि शेवटच्या डब्यात बसवा, खरी मजा तिथंच.

रंकाळाकाठ: पहिल्या वेळेला शेवटचा डबा? माथ्यावरनं पुढचे डबे मागच्याला खेचून नेतात, उसळी तिथंच जास्त. मधे बसवा.

पन्हाळ्याचा_वारा: आमचं पोरगं मागंच बसलं, उतरल्यावर परत रांगेत पळालं.

मिसळ_आणि_कट: निघताना मिसळ देऊ नका, खंबाटकीत उलटी होईल. येताना साताऱ्यात कंदी पेढे घ्या.

रंकाळाकाठ: पेढ्यांचं कुणी विचारलंय? ताई, महत्त्वाचं राहिलं. मांडीवरचा बार दोघांत एक असेल तर तो मोठ्या माणसाच्या पोटावर अडतो आणि पोरीच्या मांडीवर फट राहते. अंगानं बारीक असेल त्यानं शेजारी बसावं.

राजारामपुरी_आई: ह्यांचं पोट आहे, मग मीच बसते. पण गोल्ड रशला बार दोघांत एक की वेगवेगळा? बघितलेल्यानं तेवढं सांगा, पेढ्यांचं नंतर बघू.