बोअरवरून गावात भांडणं लागलीत, पाणी वाटून घ्यायचा करार कुठं टिकलाय का?

शिवारातला_पोरगा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव आष्टी तालुक्यात, जिल्हा बीड. कालवा नाही, धरण नाही, सगळा खेळ विहीर आणि बोअरवर. पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही हे तर सगळ्यांनाच दिसतंय, जून निम्मा कोरडा जातो, मग पंधरा-वीस दिवसांची उघडीप आणि नंतर दोन दिवसात असं झोडपतं की ओढा लाल पाण्यानं भरून वाहतो आणि जमिनीत मुरायला वेळच मिळत नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, सगळ्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आमच्याकडं तर बाजरी जागेवर करपली. त्यानंतर ज्याच्याकडं थोडेफार पैसे होते त्यानं बोअर घेतलं. वरच्या अंगाला एकानं पाचशे फूट नेलं, आठवड्यात खालच्या चुलत्यांची विहीर कोरडी पडली, त्यांनी कर्ज काढून सहाशे फूट नेलं, आता दोन्ही घरात बोलणं बंद आहे. बांधावरून पाईप तोडले, पोलीस स्टेशन झालं. आणि ज्या विहिरीवर गावची नळयोजना आहे ती तिथनं तीनशे मीटरवर, ती मार्चलाच तळाला जाते.

मला विचारायचंय की कायद्याचा काही उपयोग होतो का, आणि खरोखर कुठल्या गावानं पाणी वाटून घेतलंय का, म्हणजे भाषणात नाही, प्रत्यक्षात. आणि मोठे बागायतदार अशा करारात आले तर कशामुळं आले? पोपटराव पवारांचं हिवरे बाजार सगळ्यांनी सांगितलंय, जाऊनही आलोय, पण आमच्याकडं तसा एक माणूस नाही ज्याचं सगळं गाव ऐकेल.

भूजल_स्वयंसेवक:

भाऊ, आधी जमिनीखालचं समजून घ्या म्हणजे भांडण कशाचं आहे ते लक्षात येईल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या वर भाग काळ्या पाषाणाचा आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक यातच काय ते पाणी साठतं, त्याच्याखाली कातळ, त्यात एखादी भेग लागली तर लागली. पाचशे फुटाला जे पाणी लागतं ते पुष्कळदा वरच्याच थराचं खाली उतरलेलं असतं नाहीतर वर्षानुवर्षं साठलेलं, एकदा उपसलं की परत भरायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही. म्हणजे चुलत्यांची विहीर आणि वरच्याचं बोअर हे दोन वेगळे साठे नाहीत, एकाच रांजणाला दोन तोट्या आहेत.

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९, लागू झाला २०१४ ला. त्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली म्हणजे दोनशे फुटांच्या खाली विहीर-बोअर घ्यायला बंदी आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही, हे तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. तुमच्या गावात दोन्ही मोडलेत. पण खरं सांगू का, तक्रार करून एक बोअर सील झालं तरी भाऊबंदकी वाढते आणि दुसरा रात्रीतनं बोअरची गाडी आणतो. कायदा हातात ठेवा, ग्रामसभेत वाचून दाखवा, पण काम होतं ते हिशोबानं.

हिशोब असा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. समजा शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी, तर ५०० कोटी लिटर पडलं. त्यातलं उडून जातं, वाहून जातं, पिकं घेतात, खडकात मुरणारं अंदाजाला दहा टक्के धरा, ५० कोटी. गावात दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला ४ कोटी. गुरंढोरं धरून ६ कोटी म्हणा. राहिले ४४ कोटी लिटर. पाटपाण्यानं ऊस लावला तर हेक्टरी २ कोटी लिटर जातं, म्हणजे २२ हेक्टर उसात अख्ख्या गावाचं पाणी संपलं. हरभरा हेक्टरी पंचवीस लाखात येतो, तेवढ्याच पाण्यात १७५ हेक्टर निघतो. हे आकडे गावातल्या देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मग सभा घ्या. आमच्या भागात हे लिहिल्यावर पहिल्यांदा लोक एकमेकांच्या बोअरकडं बघायचं सोडून पिकाकडं बघायला लागले.

डाळिंबवाला:

हिशोब बरोबर आहे पण दुसरी बाजू पण ऐका. माझी साडेतीन एकर डाळिंब आहे, बँकेचं कर्ज आहे, झाड आठ वर्षाचं आहे. हरभऱ्याला पाणी कमी पडलं तर एक हंगाम गेला, बाग वाळली तर आठ वर्ष गेली. तुम्ही सभेत हात वर करून ठरवणार की बागायतदारानं मोटर बंद ठेवायची, मग मी कशाला येऊ सभेला. प्रत्येक ठिकाणी मोठा शेतकरी म्हणजे पाणी चोरणारा असं धरूनच बोलतात, तिथंच करार मोडतो.

आमच्याकडं काय जमलं ते सांगतो. जुन्या बागा मोजून घेतल्या, त्यांना फक्त जगवण्यापुरतं पाणी, ठिबक सक्तीचं, आणि नवी बाग पाच वर्ष कुणी लावायची नाही. सगळ्यात जास्त भांडण झालं ते शेततळ्यावर. प्लास्टिक घालून शेततळं करायचं आणि दिवाळीनंतर विहीर-बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं, हे बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि ते पाणी नुसतं उन्हात उडतं. म्हणजे सगळ्यांचं पाणी काढून माझ्या नावावर जमा करून ठेवल्यासारखंच ते. ठरलं असं की शेततळं फक्त पावसाळ्यात ओढ्याला पाणी चालू असेपर्यंत भरायचं, ओढा आटला की मोटर काढायची. हे मलाही मान्य झालं कारण ओढा आटला की नाही हे सगळ्या गावाला दिसतं, त्यात कुणाचा शब्द लागत नाही. बोअर किती तास चालवलं याच्यावर कधीच एकमत होत नाही बघा, रात्री लाईट येते, कोण बघतंय.

बचतगटाची_ताई:

सगळे दादालोक बोअर आणि बागेवर बोलताय म्हणून लिहिते. ज्यांच्याकडं विहीर नाही, जमीन नाही त्यांचं काय? मार्चनंतर टँकर येतो तेव्हा रांगेत कोण असतं? आमच्या गावात दोन वर्षापूर्वी टँकरवर बायकांची मारामारी झाली, डोकं फुटलं, आणि भांडलेल्या दोघी एकमेकींच्या शेजारीण, दोघीही मजुरी करणाऱ्या. पाणी उपसलं तिसऱ्यानं आणि केस झाली या दोघींवर.

म्हणून आम्ही पहिला ठराव एवढाच घेतला की पिण्याच्या विहिरीत अमुक परस (एक परस म्हणजे पुरुषभर खोली) पाणी उरलं की तिच्या आसपासच्या सगळ्या मोटरी बंद. पाण्याची खूण विहिरीच्या आतल्या भिंतीवर लाल रंगानं मारली. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेतली, नियमात ती आहेच पण कागदावरच उरकतात, ती खरी घ्या आणि संध्याकाळी घ्या, सकाळी अकराला घेतली तर खुरपायला गेलेली बाई येत नाही. शंभर एक बायका आल्या की दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सभेत ठराव पाडायची कुणाची हिंमत होत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि टाक्यांच्या भोवती १४४ कलम लावलं होतं, शहराची ती गत, आपल्या वस्तीवर कोण रेल्वे आणणार आहे.

आणि करार ऑक्टोबरमध्ये करा. विहिरी भरलेल्या असतात, माणसं शांत असतात, रब्बीची पेरणी व्हायची असते. एप्रिलमध्ये सभा घेतली तर फक्त शिव्या मिळतात.

साक्रीकर:

शिवारातला पोरगा, तू विचारलंस खरोखर कुठं टिकलंय का, तर आमच्या धुळे जिल्ह्यातली फड पद्धत बघ. पांझरा नदीवर जुने बंधारे, काहीशे वर्षांपूर्वीपासूनचे, त्यातून पाट काढलेले आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्यानं स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. बहुतेकांची जमीन थोडी थोडी सगळ्या फडात असायची, त्यामुळं ज्या वर्षी नदीला पाणी कमी त्या वर्षी एक-दोन फडच भिजवायचे असं ठरलं तरी कुणी पूर्ण उपाशी राहत नव्हतं, नुकसान पण वाटलं जायचं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. आता नदीवर वरती धरणं झाली, प्रत्येकानं स्वतःची विहीर काढली, ऊस आला, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. जिथं थोडंफार चालू आहे तिथं म्हातारे पाटकरी अजून आहेत, त्यांच्याशी बोलून या.

दुसरं पुरंदरचं नायगाव. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घरात कितीही माणसं असली तरी अडीच एकराच्या वर नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, ऊस नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. साळुंखे स्वतः इंजिनिअर, कारखानदार माणूस, पण हा विचार आपल्या ‘जमीन ज्याची पाणी त्याचं’ या कायद्याच्या मुळावरच जातो म्हणून तो सगळीकडं पसरला नाही असं माझं मत आहे. ती योजना उपसा सिंचनाची, म्हणजे साठ्यातलं पाणी वर उचलून नेण्याची होती हे खरं, बोअरला जसंच्या तसं लागणार नाही. पण ताईंनी भूमिहीनांचं विचारलं त्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी एका गावानं दिलेलं आहे.

मेंढकरू:

मी मेंढपाळ, वाड्यावर म्हणजे मेंढरांच्या तळावर असतो, मोबाईलवर लिहितोय, चुकभूल समजून घ्या. पाण्याचं गावात ठरतं तेव्हा आम्हाला कोण विचारत नाही. गाव पाणलोटाचं काम करतं, चांगलंच करतं, पण पहिला नियम लावतं चराईबंदी. डोंगर बंद, ओढा बंद. आम्ही दिवाळीनंतर ज्या वाटेनं पिढ्यानपिढ्या जातो त्या वाटेवर आता चर खणलेत नाहीतर तारा मारल्यात, मग मेंढरं शेतात शिरतात आणि भांडण होतं. आधी शेतकरी बोलवून रानात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य द्यायचे, आता बारमाही पाणी झालं तिथं रान मोकळंच राहत नाही. त्यात हवामान असं, १ आणि २ डिसेंबर २०२१ ला अवकाळी पाऊस झाला तेव्हा जुन्नर, शिरूर, पारनेरकडं हजारो मेंढरं गारठून मेली, आसरा मागायला गेलो तर काही गावांनी दिला, काहींनी हाकललं.

एका गावानं आमच्याशी बसून ठरवलं ते सांगतो. डोंगराचे तीन भाग केले, एक भाग आळीपाळीनं बंद, दोन उघडे. एक पाणवठा मेंढरांसाठी राखला. बदल्यात आम्ही त्यांच्या रानात अमुक रात्री फुकट मेंढरं बसवायची आणि झाडांच्या फांद्या तोडायच्या नाहीत. तिथं अजून भांडण नाही. सगळ्या गावांनी एवढं केलं तरी पुरे, आम्हाला कुणाचं पाणी हिसकावून घ्यायचं नाही.

शिवारातला_पोरगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंढकरू दादा, तुमचं वाचून लक्षात आलं की आमच्या गावातसुद्धा दोन वाडे दरवर्षी येतात आणि त्यांना आम्ही कधीच सभेत धरलेलं नाही, यंदा निरोप देणार. ताई, लाल खुणेचं आजच सरपंचांशी बोललो, त्यांना पटलंय. डाळिंबवाले दादा, ओढ्याचं पण घेतोय, आमच्याकडं प्लास्टिकची शेततळी बरीच झालीत.

एक अडचण राहते. चुलते आणि वरचे शेतकरी एका ठिकाणी बसायलाच तयार नाहीत. दोघांची मिळून चार बोअर, त्यातली दोन आता फुसफुसतात. कुणी बोअर एकत्र केलेत का?

भूजल_स्वयंसेवक:

एकत्र करणं आंध्रात अनंतपूर भागात झालंय, शेतकऱ्यांचे गट करून बोअर एका पाईपलाईनला जोडले आणि ज्यांच्याकडं बोअर नाही त्यांनाही एक-दोन भिजवणीचं पाणी दिलं, बदल्यात नवीन बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. यात बोअरवाल्याचा फायदा असा की दोन फेल गेली तरी बाकीच्यांच्या बोअरवर त्याचं पीक निघतं. तुमच्या चुलत्यांना ‘वाटून द्या’ म्हणू नका, पटणार नाही. त्यांना विचारा की पुढच्या वर्षी तुमचं फेल गेलं तर काय. तोच प्रश्न वरच्यालाही विचारा, वेगवेगळं बसवून. सुरुवात दोन्ही घरांपेक्षा तिसऱ्याच माणसानं करावी, ज्याची जमीन मधे आहे आणि बोअर नाही.

आणि सभेच्या आधी एक काम करा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, मुलांना नोंद ठेवू द्या. गावातल्या पंधरा-वीस विहिरी निवडून दर महिन्याला दोरी सोडून पाणी मोजा, दोन्ही घरांच्या विहिरी त्यात घ्याच, आणि मोजायला दोन्ही घरातलं एक एक पोरगं बरोबर न्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर तुमच्या आसपास असेल तर जिल्ह्याच्या ऑफिसातनं जुने आकडे मागून घ्या, देतात. ऑक्टोबरला अजून वेळ आहे, तोवर तीन-चार महिन्यांची नोंद हातात येईल.

डाळिंबवाला:

विहिरी मोजायला जाल तेव्हा बागायतदारांच्या पण धरा, आणि आकडा त्यांच्यासमोरच वहीत लिहा. आमच्याकडं हे लपूनछपून केलं होतं, त्यावरनं वर्षभर वाद चालला.

बचतगटाची_ताई:

आणि वहीची एक प्रत गटाच्या बायकांकडं ठेवा, पंचायतीत ठेवलेली वही सापडत नाही. ठरावाचा नमुना हवा असेल तर आमचा टाईप करून टाकते उद्या.

शिवारातला_पोरगा:

टाका ताई, वाट बघतोय. पर्जन्यमापकाचं शाळेत विचारलं, सर हो म्हणालेत.